हिरामण ठोंबऱ्यांचं पेटंट

हिरामण ठोंबरे मूळचे पळसदरीचे. घरची भातशेती होती. थोरला आणि धाकटा भाऊ शेतात, हे मधले. मॅट्रिक झाल्यावर खोपोलीच्या एका कारखान्यात चिकटले आणि तिथल्या साहेबाने त्यांच्या हातात स्टॉपवॉच दिलं. कामगाराला एखादं काम करायला किती वेळ लागतो ते बघायचं आणि ते आणखी लवकर कसं उरकेल हे वर कळवायचं, ही त्यांची नोकरी. ती त्यांनी वीस-बावीस वर्षं इमानाने केली. ठोंबरे कोणाच्या मागे जाऊन उभे राहिले, की तो माणूस नेमका तेव्हाच तंबाखू मळायला घ्यायचा. दुपारी डबा खायला त्यांना कोणी हाक मारत नसे. त्यांना वाटायचं, लोक आपल्या कामाचा मान राखून लांब राहतात.

त्यांची आई येसूबाई गावात कोणी विचारलं की सांगायची, "थोरला नांगर धरतो, धाकटा गाडी हाकतो. आन हिरामण हाय ना, तो हुबा ऱ्हातो आन बघतो." यात टोमणा नव्हता. म्हातारी जे होतं तेच सांगत होती. कारखाना उभं राहण्याचेही पैसे देतो म्हणजे कारखाना चांगला असला पाहिजे, असं तिचं मत होतं. पण ठोंबऱ्यांच्या मनाला ते लागून राहिलं. आपण आयुष्यात काही बनवलं नाही, नुसतं दुसऱ्यांचं बनवणं मोजलं, ही टोचणी त्यांनी बायकोलासुद्धा कधी बोलून दाखवली नाही. चंद्राबाईंना ती माहीत होती, ते वेगळं.

कारखान्याने काही लोकांना वेळेआधी मोकळं केलं, त्यात ठोंबरेही होते. तेव्हा मोहोपाड्याला रसायनीच्या कारखान्यांमुळे वसाहती वाढत होत्या आणि कामगारांसाठी 'श्रमसाथी ग्राहक भांडार' नावाचं सहकारी दुकान निघालं होतं. त्याला मॅनेजर हवा होता. ठोंबरे तिथे लागले आणि चंद्राबाईंना घेऊन मोहोपाड्याला दोन खोल्यांत राहायला गेले.

भांडार मोठं होतं. तांदूळ-गव्हाच्या काउंटरवर धाऊ पाटील नावाचा एक अवाढव्य माणूस होता. तो बोलत नसे, घाई करत नसे. बायका तांदळाचे दाणे तळहातावर घेऊन, चावून, शेजारणीला दाखवून, परत पोत्यात टाकून दुसऱ्या पोत्याकडे वळत, आणि धाऊ माप हातात धरून स्वस्थ उभा असे. तेलाच्या काउंटरवर आवडी होती. आवडी विजेसारखी चपळ. डबा पुढे आला की भरून परत जायचा. मात्र त्याबरोबर दोन शब्दही जायचे. डबा धुतलेला नाही, झाकण बसत नाही, काल आली असतीस तर काय बिघडलं असतं, असं काहीतरी. पगाराच्या आठवड्यात दोन्हीकडे रांग दारापर्यंत यायची आणि मग लोक मॅनेजरच्या नावाने बोलायचे.

मॅनेजर आत काचेच्या खोलीत बसून रांगेकडे बघत असत. हातात स्टॉपवॉच. जुनी सवय.

तिथे त्यांना वाटलं, की कारखान्यात यंत्रावरच्या माणसाचं काम मोजतात, मग गिऱ्हाइकाशी बोलणाऱ्या माणसाचं काम का मोजू नये? त्यांनी लाल आणि पांढऱ्या पत्र्याच्या चकत्या कापून घेतल्या. गिऱ्हाइकाने जाताना खूश असेल तर पांढरी, नसेल तर लाल चकती त्या त्या काउंटरच्या पेटीत टाकायची. स्टॉपवॉचवरून वेळ कळायचा, पेटीतून समाधान कळायचं, आणि पावतीवरच्या सभासद नंबरावरून तेच गिऱ्हाईक त्या काउंटरवर परत आलं का ते कळायचं. या सगळ्यातून प्रत्येक नोकराचा एक आकडा काढायचा. त्याला त्यांनी नावही देऊन टाकलं, 'ठोंबरे गुणक'.

गुणक काढायला ठोंबऱ्यांना रविवार पुरेना. बेरजा चुकायच्या. चकत्या पोरं खेळायला न्यायची. शेवटी ज्या कारखान्याचे बहुतेक कामगार भांडाराचे सभासद होते, तिथे त्यांनी रीतसर विनंती केली. त्या कारखान्यात पगारपत्रकासाठी कॉम्प्युटर आलेला होता. कामगारांचंच काम आहे म्हणून साहेबांनी रविवारी यंत्र वापरायची परवानगी दिली आणि कॉम्प्युटर चालवणाऱ्या मुलीला विचारून बघा म्हणाले.

ती मुलगी म्हणजे आमच्या कर्जतची गोदा मसणे. आमच्या आळीतली. गणितात हुशार, पुण्याला राहून शिकून आलेली, रोज कंपनीच्या बसने जायची. रविवारी पगार मिळणार नव्हता, तरी तिने होकार दिला. पगारपत्रकाचा तिला कंटाळा आला होता आणि आवडी-धाऊची भानगड तिला ऐकूनच आवडली.

कॉम्प्युटरच्या खोलीत चप्पल बाहेर काढून जावं लागे. आत गार हवा, मोठं कपाट घूं घूं करणारं. ठोंबरे पहिल्यांदा आत शिरले तेव्हा त्यांचे हात आपोआप जुळले. त्या खोलीत ते गोदाला 'मॅडम' म्हणायचे आणि बाहेर येऊन चप्पल घातली की 'गोदा' म्हणायचे. तिने हे लक्षात आणून दिल्यावरही त्यांनी त्यात बदल केला नाही.

गोदाने प्रोग्रॅम लिहिला. पहिल्याच खेपेला आवडीचा गुणक सगळ्यात वर आला. भांडारात ही बातमी कळली तेव्हा रांगेतल्या बायका इतक्या हसल्या, की धाऊसुद्धा हसला. ठोंबरे ओशाळले. तेल पटकन मिळतं म्हणून वेळेचे गुण तिला, आणि तीच तीच गिऱ्हाइकं पुन्हा येतात म्हणून त्याचेही गुण तिलाच. गोदा म्हणाली, "काका, तेल सगळ्या दुकानात तिच्याचकडे मिळतं. लोक परत येणार नाहीत तर काय भाजी पाण्यात करतील?" मग तिने बदल केला. साबण दोन्ही काउंटरवर ठेवायला लावले, आणि जिथे दुसरीकडे जायची सोय होती तिथलंच परत येणं धरायचं ठरवलं. पुढच्या सोमवारी धाऊ वर आणि आवडी खाली.

आवडीने तो आकडा बघितला आणि काचेचं दार ढकलून आत आली. ठोंबऱ्यांना वाटलं आता राजीनामा. ती म्हणाली, "सायेब, माझा हितं हाय. धाऊदादाचा हितं हाय. तुमचा कुटं हाय?"

ठोंबरे म्हणाले, मॅनेजर गिऱ्हाइकाला माल देत नाही.

"तक्रार तर घेता ना? मंग?"

ठोंबरे न्यायी माणूस. मुद्दा पटला की तो आपल्या विरुद्ध आहे म्हणून ते सोडून देत नसत. त्या रविवारी त्यांनी गोदाला मॅनेजरचंही नाव घालायला सांगितलं. आठवड्याची माहिती भरली, यंत्र सुरू झालं, धाऊचा आकडा आला, आवडीचा आला, आणि मॅनेजरपाशी येऊन कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा चालवला, पुन्हा तिथेच थांबला. ठोंबरे म्हणाले, "मॅडम, यंत्रात बिघाड दिसतो." गोदाने कागद वरखाली करून बघितले आणि तिला हसू आवरेना. मॅनेजरकडे आलेल्या गिऱ्हाइकांच्या संख्येने भागायचं होतं, आणि ती संख्या शून्य होती. आठवडाभरात त्या काचेच्या खोलीत एकही माणूस गेला नव्हता. शून्याने भागायला कॉम्प्युटर तयार नव्हता.

"काका, यंत्र ठीक आहे," ती म्हणाली. "तुमच्याकडे कोणी येतच नाही."

त्या दिवशी ठोंबरे चप्पल घालायला विसरून कारखान्याच्या फाटकापर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपलं टेबल काचेच्या खोलीतून काढून दुकानात, तेल आणि तांदळाच्या मधे आणून ठेवलं. त्यावर काही स्पष्टीकरण दिलं नाही. आठवडाभर लोक टेबलाला वळसा घालून जात होते. मग एका म्हातारीने पिशवी टेकवायला त्याचा उपयोग केला आणि टेकवता टेकवता डाळीत खडे निघतात असं सांगितलं. हळूहळू माणसं थांबायला लागली. आवडीनेही आपल्या परीने मार्ग काढला. ती बोलायची थांबली नाही, ते तिला जमण्यासारखं नव्हतं. पण आता डबा धुतलेला नाही म्हणण्याऐवजी "डबा द्या मावशी, पुसून घेते" म्हणायला लागली. आवाज तोच, चढा. तरी तिचा आकडा वर सरकला.

एवढ्यावर हे थांबलं असतं, तर मला यातलं काही कळलंही नसतं. पण एक दिवस रंगांच्या कारखान्यातले एक केमिस्ट भांडारात खूप साखर घ्यायला आले. घरी पेढे करायचे होते. त्यांच्या एका रंगाच्या प्रक्रियेला पेटंट मिळालं होतं. ठोंबऱ्यांनी विचारलं, पेटंट म्हणजे नेमकं काय. केमिस्ट घाईत होते. ते म्हणाले, ही गोष्ट या माणसाने शोधून काढली असं सरकार लिहून देतं.

ठोंबऱ्यांना त्या रात्री झोप लागली नाही. सरकार लिहून देतं! पळसदरीच्या घरात तो कागद काच लावून भिंतीवर टांगता येईल. आई आता राहिली नव्हती, पण भाऊ होते, भावकी होती.

गोदाने सांगून पाहिलं, की काका, हे पेटंटचं असतं तसलं काम नसावं. पण ते म्हणजे ज्ञानी मुलीचा विनय, असा ठोंबऱ्यांनी अर्थ लावला. केमिस्टांकडून पत्ता घेऊन ते मुंबईला फोर्टात गेले. तिथे फणसे नावाचे एक पेटंट एजंट होते. वयस्कर, शांत, समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारे. ठोंबऱ्यांनी सगळं सांगितलं. धाऊ, आवडी, चकत्या, साबण, शून्य, काही गाळलं नाही. फणशांनी ऐकलं आणि विचारलं, "ठोंबरे, हे बनवतं काय?"

"आकडा."

"आकडा म्हणजे वस्तू नव्हे."

"पण नवीन आहे. आणि उपयोगी आहे."

"दोन्ही असेल. पण आपल्या कायद्याला यंत्र लागतं, किंवा वस्तू, किंवा वस्तू बनवायची रीत. तुमचा कॉम्प्युटर ज्या कंपनीने केला, त्यांचा. त्याच्या आत तुम्ही घातलाय तो हिशेब. हिशेब ही डोक्यातली गोष्ट आहे, डोक्याला कुंपण घालायची सोय कायद्यात नाही. उद्या कोणी वजाबाकीचं पेटंट मागितलं तर दुकानं बंद करावी लागतील."

ठोंबऱ्यांना पुढचं ऐकू आलं नाही. आयुष्यभर जो प्रश्न टाळत आलो, तोच हा माणूस टेबलापलीकडून थंडपणे विचारतो आहे, असं त्यांना झालं. हे बनवतं काय?

पण ते हटले नाहीत. वस्तू पाहिजे काय? ठीक आहे. खोपोलीला ओळखीचा सुतार होता. त्याच्याकडून त्यांनी सागवानी पेटी करून घेतली. वर दोन फटी, आत दोन कप्पे, पांढरी चकती पडली की घंटी वाजायची, लाल पडली की एक लाकडी झडप खाडकन आपटायची. ती पेटी मांडीवर घेऊन ते पुन्हा मुंबईला निघाले. गाडीत समोर बसलेल्या एका बाईंनी पेटीकडे बघून हात जोडले आणि फटीतून नाणं टाकलं. घंटी वाजली. बाईंना समाधान वाटलं. ठोंबऱ्यांनी त्यांना पेटंटचा कायदा समजावून सांगायला सुरुवात केली, पण बाईंचं स्टेशन आलं.

फणशांनी पेटी उघडून, वाजवून, आपटवून बघितली. त्यांनाही ती आवडली असावी, कारण त्यांनी ती दोनदा वाजवली. मग म्हणाले, मतपेटी जुनी, घंटी जुनी, झडप उंदराच्या पिंजऱ्याची. तिन्ही शेजारी शेजारी बसून आपापलं जुनंच काम करतात. त्यांना एका पेटीत बसवलं म्हणजे शोध होत नाही, असं कायद्यात लिहिलेलंच आहे. तरीही अर्ज करायचाच असेल तर एक विचारतो, हे आधी कोणाला दाखवलं किंवा सांगितलं नाही ना? जगजाहीर झालेल्या गोष्टीला पेटंट मिळत नाही.

ठोंबरे अभिमानाने म्हणाले, गणेशोत्सवात या विषयावर त्यांचं व्याख्यान झालं आहे. मोहोपाड्यात ज्याला हे माहीत नाही असा माणूस सापडणार नाही.

फणशांनी पेनाला टोपण लावलं.

ठोंबऱ्यांचा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं. त्यांनी चहा मागवला आणि म्हणाले, "अगदीच रिकाम्या हाताने जाऊ नका. हल्लीच कॉपीराइटच्या कायद्यात बदल झालाय. कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम आता साहित्य धरतात. कथा, कविता, कादंबरी, तसंच. त्याची नोंद करता येईल. प्रोग्रॅम लिहिला कोणी?"

ठोंबऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"आमच्याकडच्या एका मुलीने. गोदाने."

"कारखान्याच्या वेळेत?"

"नाही. रविवारी. फुकट."

"मग लेखिका ती," फणसे म्हणाले. "कल्पना तुमची असेल. पण कल्पनेवर कॉपीराइट नसतो. लिहिलेल्या शब्दांवर असतो."

ठोंबरे मोहोपाड्याला परत आले आणि आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. टेबलावर बसून लोकांच्या तक्रारी ऐकत, पण कान दुसरीकडे. गोदाने निरोप पाठवला, या रविवारी येताय ना? त्यांनी अंग दुखतंय असं कळवलं. पेटी पलंगाखाली ढकलली. सरकताना ती वाजली.

चंद्राबाईंनी वाट बघितली. मग जेवायला वाढताना म्हणाल्या, "अवं, ती पेटी पलंगाखाली घंटी वाजवतेय, आन तुमी जेवत नाय. काय झालं ते सांगा आता."

ठोंबऱ्यांनी सांगितलं. कायदा सांगितला, फणसे सांगितले, आणि सगळ्यात शेवटी हळूच गोदाचं सांगितलं.

चंद्राबाईंनी भाकरी ताटात टाकली. "मंग पोरीला अजून नाय सांगितलं?"

"सांगणार आहे."

"तिचं हाय ते तिला द्या. तुमच्या उशाला ठिवून त्याला काय पिल्लं व्हनार हायत?"

पुढच्या रविवारी ठोंबरे एसटीने चौक गावावरून कर्जतला आले. आमच्या आळीत त्यांना मी पहिल्यांदा बघितलं ते त्या दिवशी. टोपी, इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा, आणि मयताला आल्यासारखा चेहरा. मसण्यांचं घर कुठलं, असं त्यांनी मलाच विचारलं.

गोदाच्या आईने, गौराबाईंनी, पाणी दिलं. ठोंबऱ्यांनी उभ्यानेच सांगून टाकलं, की गोदा, तू कायद्याने साहित्यिक आहेस. गौराबाई घाबरल्या. त्यांना वाटलं पोरीवर काही खटला झाला. गोदाने सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग तिचं लक्ष ठोंबऱ्यांकडे गेलं. ते पेढ्यांचा पुडा तसाच हातात धरून उभे होते. तिचं हसू थांबलं.

"काका, बसा ना."

ते बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "गोदा, तू काय लिहिलंस ते मला कधी वाचताच आलं नाही. ते सगळं इंग्रजीत आणि कोड्यात. जरा वाचून दाखवशील?"

तिने तो लांब, कडेला भोकं असलेला कागद काढला आणि एकेक ओळ मराठी करून वाचायला लागली. गौराबाई दारात बसून ऐकत होत्या. वाचून झाल्यावर ठोंबऱ्यांनी कागद घडीवर घडी घालून नीट जुळवला. मग त्यांनी विचारलं, "तुमच्या गावात वाचनालय आहे का?"

आहे. एका जुन्या गोडाऊनच्या माडीवर आहे आणि मी त्याचा कार्यवाह आहे. अर्ध्या तासाने ते दोघं माझ्यासमोर उभे होते. ठोंबऱ्यांनी तो कागद माझ्या टेबलावर उलगडला. तो टेबलावरून खाली, जमिनीवर, दारापर्यंत गेला. त्यांनी मला विचारलं, की स्थानिक लेखकांचं साहित्य आपण स्वीकारता काय.

आता आमची अडचण सांगतो. त्याच महिन्यात वाचनालयाचा वर्धापनदिन होता आणि 'तालुक्यातील साहित्यिक आपल्या भेटीला' असा कार्यक्रम समितीने जाहीर करून टाकला होता. तालुक्यातले साहित्यिक म्हणजे एक निवृत्त मास्तर, त्यांच्या कविता होत्या, आणि एक जण कबूल करून नंतर नाही म्हणाला होता. मी गोदाकडे बघितलं. ती नको नको म्हणत होती. ठोंबरे म्हणाले, "सरकारने मानलंय. आपण कोण नाही म्हणणारे?"

मी तिचं नाव फळ्यावर लिहिलं.

कार्यक्रमाला गर्दी झाली, कारण मोहोपाड्याहून धाऊ, आवडी आणि भांडाराचे बरेच सभासद टेंपो करून आले. मास्तरांनी सह्याद्रीवर एक दीर्घ कविता वाचली. ती खरोखरच दीर्घ होती. मग गोदा उभी राहिली. नेहमीची साडी, हातात तो लांब कागद, त्याचं दुसरं टोक ठोंबऱ्यांनी धरलेलं, म्हणजे तो पायात येऊ नये. तिने सांगितलं की हे कॉम्प्युटरसाठी लिहिलंय, माणसांसाठी नाही, आणि वाचायला लागली.

"माणूस दारात आला. वेळ मांडा.
माणूस पुढे सरकला का? नसेल, तर वाट बघा.
अजून नाही? अजून वाट बघा.
माल मिळाला. वेळ थांबवा.
पांढरी पडली, तर मिळवा. लाल पडली, तर वजा करा.
काहीच पडलं नाही, तर काही धरू नका.
माणूस पुन्हा आला का? दुसरीकडे जाता येत नसेल, तर सोडून द्या.
दुसरीकडे जाता येत असूनही आला, तर दुप्पट मिळवा.
मॅनेजरकडे किती आले? कोणीच आलं नसेल, तर भागू नका. जागा रिकामी ठेवा, पुढे चला.
माणसं संपली का? नसतील, तर पहिल्यापासून.
संपली असतील, तर थांबा."

सुरुवातीला लोक हसत होते. आवडी सगळ्यांना सांगत होती की लाल चकतीची ओळ माझ्यावर हाय. पण गोदा दुप्पट मिळवण्याच्या ओळीपर्यंत आली तोवर हसू थांबलं होतं. माझ्या शेजारी एक दुकानदार बसले होते, तालुक्यात ते गिऱ्हाइकावर वसकण्यासाठी प्रसिद्ध होते. ते खाली मान घालून आपल्या अंगठीशी चाळा करत होते. मॅनेजरच्या ओळीला मोहोपाड्याचे लोक हसतील असं मला वाटलं होतं. कोणी हसलं नाही. ठोंबरे कागदाचं टोक दोन्ही हातांत घट्ट धरून समोर बघत होते.

टाळ्या चांगल्या वाजल्या. मास्तर अध्यक्षही होते. त्यांनी समारोपात सांगितलं की या रचनेत यमक नाही, निसर्ग नाही, तरी तिला एक लय आहे, आणि नव्या पिढीने थोडं सह्याद्रीकडेही बघावं. मग कोणीतरी गोदाला विचारलं की हे सुचलं कसं. गोदा म्हणाली, "यातले सगळे 'तर' माझे आहेत. 'जर' ठोंबरेकाकांचे. त्यांनी विचारलं नसतं तर मला उत्तर लिहायची वेळच आली नसती." आणि तिने त्यांना स्टेजवर बोलावलं.

ठोंबरे वर गेले. माइकसमोर उभे राहिले. गणेशोत्सवात तास तास बोलणारा माणूस, पण त्या दिवशी एवढंच म्हणाले, "मी बघत होतो. हिने लिहिलं." आणि खाली उतरले. चंद्राबाई पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी पदराने नाक पुसलं आणि शेजारणीला म्हणाल्या की माडीवर धूळ फार हाय.

कॉपीराइटची नोंद गोदाच्या नावावर झाली. फणशांनी फी घेतली नाही. प्रोग्रॅम पुढे दोनेक वर्षं चालला, मग कारखान्याने नवीन कॉम्प्युटर आणला आणि गोदा लग्न होऊन नाशिकला गेली. तिथे ती एका बँकेत हेच काम करते. भांडारात आता आकडा काढत नाहीत. ठोंबरे निवृत्त झाले तेव्हा समितीने मॅनेजर म्हणून आवडीला नेमलं. धाऊला विचारलं होतं, पण त्याने उत्तर द्यायला इतका वेळ लावला की समितीने वाट बघणं सोडलं.

ठोंबरे पळसदरीला राहतात आणि आमच्या वाचनालयाचे सभासद आहेत. पंधरवड्याला येऊन एक कादंबरी नेतात. आधी कधी वाचलेलं नसल्यामुळे त्यांची मतं ठाम आहेत. परत देताना ते मला लेखकाचा अहवाल देतात. अर्धं पुस्तक संपलं तरी नायिका गाडीतून उतरत नाही. नायक एकच गोष्ट तीन प्रकरणांत ठरवतो, जी एका पानात ठरली असती. मी म्हणतो, साहित्यात तसंच असतं. ते मान हलवतात आणि दुसरी कादंबरी मागतात, शक्यतो जाड. मागच्या खेपेला त्यांना बरं नव्हतं, म्हणून पुस्तक चंद्राबाई घेऊन आल्या. मी विचारलं, ही कशी वाटली त्यांना. त्या म्हणाल्या, "शेवटाला रडले. पन मला सांगितलं, फार लांबवलीय म्हनून."